स्टँड-अपमधून नाटकात आलेल्या एका नागपूरकर कलावंताचे प्रकरण

लक्ष्मीनगरातील सायंटिफिक सभागृहात आमच्या दोन अंकी नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्या रात्री दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे प्रेक्षक हसू नये अशा जागी हसले. बंद पडलेल्या कापड गिरणीतला एक कामगार, जो आता त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या दुकानांच्या इमारतीत रात्रपाळीचा चौकीदार आहे, आपल्या बायकोला सांगतो की मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेले भविष्य निर्वाह निधीचे पैसे संपले आहेत. या वाक्यावर मधल्या रांगांतून हशा उठला आणि तो पुढची तीन वाक्ये गिळून गेला. चौकीदाराची भूमिका करणारा तरुण शहरात स्टँड-अप कलावंत म्हणून ओळखला जातो. बायकोची भूमिका करणाऱ्या बाई नागपूरच्या हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षे काम करत आहेत. पडदा पडल्यावर त्या विंगेत आल्या आणि मला एवढेच म्हणाल्या, "सर, तो माझ्याकडं पाहूनच नाही राहिला."

या नाटकाचा दिग्दर्शक मी होतो. त्या एका वाक्यात प्रकरणाचे निदान झालेले होते, परंतु ते समजायला मला पुढचे जवळपास तीन आठवडे लागले. मधल्या काळात मी जे उपाय केले त्यांतले निम्मे चुकीचे होते, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर नोंदवून ठेवावे असे वाटले. कलावंताची संमती घेतली आहे. नाव मात्र त्याचे देत नाही आणि नाटकाचेही देत नाही.

कलावंत आणि त्याचे आधीचे काम

त्याचे वडील एस.टी.त वाहक होते आणि घर नंदनवन भागात. शाळा-महाविद्यालयाच्या गॅदरिंगमध्ये शिक्षकांच्या नकला, गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राच्या दोन गाण्यांमधली दहा मिनिटे भरून काढणे, ही त्याची सुरुवात. विनोदी कलावंत बहुतेक याच दारातून येतात. बी.एस्सी. झाल्यावर त्याने एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी, म्हणून नोकरी धरली आणि पाच वर्षे यवतमाळ, वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यात बॅग घेऊन फिरला. स्टँड-अप त्या नोकरीच्या काळातच सुरू झाले. धरमपेठ आणि रामदासपेठेतल्या कॅफेंमध्ये आठवड्याच्या शेवटी ओपन मिक, म्हणजे नवख्यांनाही मंच देणारे कार्यक्रम, होत, तिथे पाच मिनिटांचा सेट, म्हणजे विनोदांची बांधलेली मालिका, करायचा आणि सोमवारी पहाटेची बस पकडायची.

एमआरच्या नोकरीबद्दल मी त्याला बराच खोदून विचारले, कारण त्याच्या शैलीचे मूळ तिथे आहे असा माझा समज होता आणि तो बरोबर निघाला. दवाखान्याबाहेर रुग्णांच्या रांगेत दोन-दोन तास बसायचे आणि आत गेल्यावर डॉक्टर जेमतेम एक मिनिट देणार, तेही प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता. त्या मिनिटात औषधाचे नाव केव्हा घ्यायचे, हे तो डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून ठरवत असे. मान वर झाली की नाव; नाही झाली तर आणखी एक वाक्य, बहुधा गमतीचे, मान वर करवणारे. म्हणजे पुढचे वाक्य कोणते, हे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवायचे, ही सवय त्याच्या अंगात मंचावर येण्यापूर्वीच मुरलेली होती. स्टँड-अपमध्ये डॉक्टरांच्या जागी साठ-सत्तर प्रेक्षक आले, एवढाच काय तो फरक.

त्याचा गाजलेला सेट नागपूरच्या उन्हावर होता. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना पुण्याहून आलेल्या जावयाला भर दुपारी तर्री-पोहे खायला नेणारा काका, आणि जावयाच्या नाकातोंडातून पाणी वाहू लागल्यावर त्याने दिलेला दिलासा, "घाम निघू द्या जवाईबापू, कूलर आपोआप चालू होते." लिहून काढल्यावर हे वाक्य साधे दिसते. मंचावर तो 'जवाईबापू'नंतर थांबत असे, प्रेक्षकांचा अंदाज घेत असे, आणि हशा कमी वाटला तर 'कूलर'च्या आधी हाताने पाठीमागे खसच्या ताट्या दाखवत असे. एकच वाक्य मी त्याच्याकडून चार कार्यक्रमांत चार प्रकारे ऐकले आहे.

भाषेचा मुद्दाही इथेच नोंदवायला हवा. १९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशाचे, आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडाचे, राजधानीचे शहर होते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा इथे एकाच बाजारात आणि एकाच कचेरीत वाढल्या. त्यामुळे नागपुरी माणूस "करतो आहे" म्हणत नाही, "करून राहिलो" म्हणतो, आणि वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवण्यात त्याला काही गैर वाटत नाही. आमच्या कलावंताचे सेट याच मिश्र बोलीत होते. ती त्याने विनोदासाठी घेतलेली नव्हती. घरी तो असाच बोलतो.

तुलनेसाठी एक ज्ञात कारकीर्द

विनोदी कार्यक्रमांतून अभिनयाकडे वळलेल्या कलावंतांची चर्चा निघाली की आपल्याकडे पहिले नाव जॉनी लिव्हर यांचे येते, आणि ते योग्यच आहे. १९५७ साली आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात जन्मलेले जॉन प्रकाशराव जनुमला मुंबईत धारावीत वाढले, घरच्या अडचणीमुळे सातवीनंतर शाळा सुटली, आणि रस्त्यावर पेन विकताना ते नटांच्या आवाजात गिऱ्हाइकाला बोलावू लागले. वडील हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात होते. तिथेच मुलालाही काम मिळाले, आणि तिथल्या एका कार्यक्रमात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्यावर सहकाऱ्यांनी त्यांना कारखान्याचेच नाव दिले. पुढे कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांतून त्यांचे नाव झाले, नोकरी सुटली, १९८२ च्या 'दर्द का रिश्ता'मध्ये सुनील दत्त यांनी त्यांना संधी दिली. तरी सर्वसामान्य प्रेक्षकाला ते लक्षात राहिले १९९३ च्या 'बाजीगर'मधल्या विसराळू नोकरामुळे, म्हणजे पहिल्या मोठ्या संधीनंतर अकरा वर्षांनी.

ही अकरा वर्षे लोक विसरतात. माझ्या दृष्टीने मात्र त्या कारकिर्दीतली महत्त्वाची बाब आणखी वेगळी आहे. 'बाजीगर'मधील आपले बरेचसे विनोदी प्रसंग ऐन वेळी सुचून केलेले होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. याचा अर्थ, मंचावरची पद्धत त्यांनी चित्रपटात जशीच्या तशी नेली आणि चित्रपटानेही ती स्वीकारली. मुख्य कथानक एका बाजूला चालू, दुसऱ्या बाजूला नोकराचे प्रसंग, आणि त्या प्रसंगांत कथानकाचा भार नटावर नाही, अशी त्या काळच्या हिंदी चित्रपटाची घडणच होती. विनोदी कलावंताला स्वतःचा सेट सोबत आणायची मुभा होती. हे काम सोपे होते असे मी म्हणत नाही, उलट कॅमेऱ्यासमोर हशा ऐकू येत नसताना तो कल्पून थांबणे फार थोड्यांना जमते. पण गंभीर नाटकातल्या मुख्य भूमिकेसाठी तो दाखला उपयोगी नव्हता, आणि आमचा कलावंत नेमका तोच दाखला डोळ्यांपुढे ठेवून तालमीला आला होता.

विदर्भापुरते सांगायचे तर २००५ साली स्टार वनवरच्या 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चे पहिले विजेतेपद वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या सुनील पाल यांना मिळाले. त्यानंतर इकडच्या गावोगावच्या नकलाकार मुलांना पहिल्यांदाच वाटले की यात पोट भरू शकते. आमचा कलावंत तेव्हा शाळेत होता आणि तो भाग त्याने शेजाऱ्यांकडे बसून पाहिला होता.

पहिल्या प्रयोगात काय घडले

आमचे नाटक राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेसाठी बसवलेले होते. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेची प्राथमिक फेरी नागपूर केंद्रावर दरवर्षी होते, आणि शहरातल्या हौशी संस्थांचे सगळे वर्ष त्या एका तारखेभोवती फिरते. सायंटिफिकमधला पहिला प्रयोग स्पर्धेपूर्वीचा, निमंत्रितांसाठी होता. तिकीट नव्हते आणि निम्मे प्रेक्षक कलावंताचे चाहते होते. त्यांनी त्याच्या प्रवेशालाच शिट्ट्या मारल्या.

प्रयोगानंतर संस्थेत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, दोष प्रेक्षकांचा आहे. ओळखीचा विनोदी चेहरा दिसला की हे लोक हसणारच. या म्हणण्यात तथ्य होते. नागपूरचा प्रेक्षक मुळात गप्प बसून पाहणारा नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सोबत त्या त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात, आणि "घेऊन जा गे मारबत" या आरोळीपुढे काय जोडायचे ते रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस ठरवतो. टिंगल ही इथे दोन्ही बाजूंनी करायची गोष्ट आहे. परंतु हे मान्य करूनही तो खुलासा पुरेसा नव्हता, कारण त्याच प्रयोगात पहिल्या अंकातले दोन गंभीर प्रसंग शांततेत पार पडले होते.

दुसऱ्या तटाचे म्हणणे, मी विनोदी नटाला गंभीर भूमिका द्यायलाच नको होती. यावर मी वाद घातला नाही. ध्वनिचित्रफीत काढून तीनदा पाहिली.

चित्रफितीत जे दिसले ते असे. ज्या वाक्यावर हशा आला, त्या वाक्याच्या आधी त्याने अर्धा सेकंद थांबून मान किंचित प्रेक्षकांकडे वळवली होती. "पैसे" हा शब्द उच्चारून तो पुन्हा थांबला, आणि "संपले" हा शब्द त्याने खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटत टाकला. ही विनोदाची रचना आहे: तयारी, थांबा, आणि अपेक्षेपेक्षा लहान शेवट. 'जवाईबापू' आणि 'कूलर' यांच्यात जे अंतर होते तेच अंतर 'पैसे' आणि 'संपले' यांच्यात होते. शब्द दुःखाचे असले तरी चाल हशाची होती, आणि प्रेक्षकांनी ती चाल अचूक ओळखली. तो मुद्दाम काही करत नव्हता. शांतता वाढू लागली की सेट पडतो आहे असे त्याच्या शरीराला वाटे, आणि शरीर आपोआप तारणाचा मार्ग शोधू लागे.

बाईंच्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. पुढचे वाक्य केव्हा आणि कसे म्हणायचे, हे तो प्रेक्षकांकडून घेत होता. नाटकात ते समोरच्या पात्राकडून घ्यायचे असते.

तालमी, आणि माझ्या दोन चुका

निदान सापडले तरी उपाय सापडला नव्हता. माझी पहिली चूक अशी की मी त्याला थांबे तोडायला लावले. "इथे थांबू नकोस, इथेही थांबू नकोस" असे म्हणत मी त्याच्या वाक्यांतली सगळी हवा काढून घेतली. चार दिवसांत तो शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतल्या मुलासारखा बोलू लागला. हशाची शक्यता गेली आणि सोबत माणूसही गेला.

दुसरी चूक भाषेची, आणि ती अधिक गंभीर, कारण ती संहितेच्या पातळीवर झालेली होती. नाटक प्रमाण मराठीत लिहिलेले होते आणि ते तसेच ठेवण्याचा आग्रह माझा होता. नागपूरचा गिरणी कामगार पुण्याच्या मराठीत बोलतो, हे मला खटकत नव्हते असे नाही. परंतु मराठी रंगभूमीने आणि दूरचित्रवाणीने विदर्भाची बोली इतकी वर्षे केवळ विनोदी पात्रांच्या तोंडी दिली आहे की ती कानावर पडताच प्रेक्षक हसण्याच्या तयारीत बसतो. विनोदी चेहरा आणि वर ही बोली, म्हणजे संकटाला आमंत्रण, असा माझा हिशेब होता. त्यातही मालिकांमध्ये जिला सरसकट 'वऱ्हाडी' म्हणतात तिच्यात अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी, नागपूरची नागपुरी आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची झाडी बोली असे सगळे एकाच टोपलीत टाकलेले असते. हा विषय वेगळा आहे, पण पुढे तो पुन्हा येणार आहे.

चूक कशी लक्षात आली ते सांगतो. थांबे तोडण्याचा प्रयोग फसल्यावर मी एक साधा नियम केला. दुसऱ्या अंकाच्या त्या प्रसंगात बाई सुपात तूर डाळ घेऊन निवडत बसलेल्या असतात. त्यांचा हात सुपात थांबेपर्यंत त्याने तोंड उघडायचे नाही. हात केव्हा थांबवायचा ते बाईंनी ठरवायचे आणि रोज वेगळ्या वेळी थांबवायचा. सुरुवातीला तो ठरल्या जागी बोलून मोकळा होई, बाईंचा हात चालूच राही, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगे. तो चिडला. एकदा तर म्हणाला, "सर, मी डायलॉग बोलू का डाळ मोजू?"

पाचव्या दिवशी बाईंनी हात थांबवलाच नाही. एक मिनिट गेले असेल. तालमीच्या खोलीत बाहेरच्या रिक्षांचे आवाज येत होते. तो त्यांच्या हाताकडे पाहत राहिला, मग चेहऱ्याकडे, आणि संहितेत नसलेला प्रश्न त्याने विचारला, "काऊन गं, काय झालं?" बाईंचा हात थांबला. त्यांनी वर पाहिले, आणि त्याने पैसे संपल्याचे वाक्य म्हटले, नागपुरीत, कारण नुकताच विचारलेला प्रश्न नागपुरीत होता आणि त्यानंतर प्रमाण मराठीत शिरायला त्याला जागाच राहिली नव्हती. थांबा होता, पूर्वीपेक्षा लांबच होता. खोलीत आम्ही सहा जण होतो. कोणी हसले नाही.

त्या संध्याकाळी लेखकाला बोलावून आम्ही त्याच्या भूमिकेची सर्व वाक्ये नागपुरीत घेतली. लेखकाने आढेवेढे घेतले नाहीत. त्याची आई इतवारीतली आहे. बाईंची भाषा मात्र त्यांच्याच आग्रहावरून थोडी वेगळी, यवतमाळकडची ठेवली, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सासरी येऊन तीस वर्षे झाली तरी बाईची बोली माहेरचीच राहते. या दुरुस्तीला कोणत्याही दिग्दर्शकीय सिद्धांताचा आधार नव्हता, पण मी ती लगेच मान्य केली.

प्रवेशाच्या शिट्ट्यांचा प्रश्न उरला होता. तो अभिनयाने सुटणारा नव्हता. हालचालींच्या मांडणीतून सोडवावा लागला. पहिल्या प्रयोगात तो उजव्या विंगेतून समोर तोंड करून, बोलत बोलत येत असे. आता तो अंधारातच मंचावर बसलेला ठेवला, प्रेक्षकांकडे पाठ करून. प्रकाश आल्यावर तो डबा सोडतो, हात धुतो, आणि खिशातून जुनी बाबीन, म्हणजे गिरणीतले सुताचे रीळ, काढून तिचा तुटलेला धागा जोडत बसतो. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि तिच्या भोंग्यावर पिढ्यान्‌पिढ्या घड्याळे लागली, अशा या शहरात धागा जोडणारी बोटे अजून बऱ्याच घरांत आहेत. अशाच एका वृद्ध गृहस्थांकडे आम्ही त्याला दोन दिवस पाठवले. त्यांनी गाठ मारायला शिकवली आणि हेही सांगितले की खात्यात यंत्रांचा आवाज इतका असे की माणसे तोंडाने कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलत. ही माहिती मला नाटकाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली.

स्पर्धेचा प्रयोग

प्रकाश आला तेव्हा पाठमोऱ्या आकृतीलाही काही जणांनी ओळखले आणि एक शिट्टी वाजली. तो वळला नाही. साधारण दीड मिनिट मंचावर फक्त डबा, पाणी आणि धागा होता. या दीड मिनिटात प्रेक्षागृहात जे घडते ते विंगेतून ऐकण्यासारखे असते: आधी कुजबुज, मग कोणाचे तरी खोकणे, खुर्च्यांची करकर, आणि नंतर काहीच नाही. त्याला नंतर विचारले तेव्हा म्हणाला की त्या दीड मिनिटात आपला सेट तीनदा पडला, असे त्याला वाटले होते.

पहिल्या अंकात हशे आले, आणि ते यायलाच हवे होते, कारण चौकीदार हा मिस्कील माणूस आहे. दुसऱ्या अंकात बाईंचा हात सुपात बराच वेळ फिरत राहिला. त्याने प्रश्न विचारला, मग वाक्य म्हटले. मागच्या रांगेतून एक जण हसला, एकटाच, आणि मध्येच थांबला. कलावंताची मान वळली नाही.

निकालात आमच्या नाटकाला क्रमांक मिळाला नाही. परीक्षकांनी नेपथ्याबद्दल केलेली तक्रार रास्त होती. दुकानांच्या इमारतीचा आमचा देखावा खरोखरच लग्नाच्या मांडवासारखा दिसत होता.

त्यानंतर: वडसा

स्पर्धेनंतर दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली आणि पुढच्या दिवाळीनंतर झाडीपट्टीत गेला. हा निर्णय मला पसंत नव्हता. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात, वडसा-देसाईगंज हे त्या नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे आहे, आणि दर रात्रीचे मानधन मिळणारी ही विदर्भातली जवळपास एकमेव रंगभूमी आहे. हे सर्व मला माहीत होते. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ज्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हटले जाते, हेही माहीत होते. माझी भीती एवढीच होती की तिथे विनोदी नटाकडून पदरची वाक्ये घालण्याचीच अपेक्षा असते, त्यामुळे तीन आठवड्यांत जे कमावले ते तो एका हंगामात घालवून बसेल.

एका रात्री मी त्याचा प्रयोग पाहायला गेलो. रात्री दहानंतर पडदा उघडला आणि पहाटेपर्यंत खेळ चालला. मांडवाखाली घोंगड्या आणि शाली पांघरून हजारभर माणसे, मध्ये गाणी आणि नाच, आणि मंचाच्या कडेला नटांना वाक्ये पुरवणारा प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत तालमी नावापुरत्या होतात, नट अनेकदा दुपारीच एकमेकांना भेटतात, आणि प्रॉम्प्टरच्या आवाजावर खेळ उभा राहतो. आमचा कलावंत विनोदी भूमिकेत होता आणि अपेक्षेप्रमाणे त्याने पदरची बरीच वाक्ये घातली. त्यांतली काही स्वस्त होती, हे मी त्याला नंतर सांगितले.

पण माझी भीती निम्मीच खरी ठरली. तिथे त्याला एकाच वेळी तिघांचे ऐकावे लागत होते. प्रॉम्प्टर वाक्य देई, समोरचा नट ते वेगळ्याच वेगाने म्हणे, आणि मांडवातून एखादी म्हातारी नायकाला मोठ्याने सल्ला देई. स्टँड-अपवाल्याला त्यातली म्हातारी सर्वांत जवळची. पूर्वीचा तो असता तर त्याने तिच्याशीच संवाद सुरू केला असता. त्या रात्री त्याने तिचे बोलणे संपू दिले, आणि उत्तर समोरच्या नटाला दिले. म्हातारीलाही ते पुरले. मांडव हसला तो दोघांवर, एकट्यावर नाही. हे त्याला मी शिकवलेले नव्हते.

एका बाबतीत मात्र हंगामाने नुकसान केले: आवाज. सत्तरच्या आसपास रात्री जागून, ध्वनिक्षेपकावर ओरडून तो परतला तेव्हा महिनाभर त्याला वरची पट्टी लागत नव्हती, आणि त्या काळात हाती आलेले दोन कंपन्यांचे कार्यक्रम, जे वर्षातले सर्वांत चांगले पैसे देणारे असतात, त्याला सोडावे लागले.

ऑडिशन

मुंबईहून येणाऱ्या बहुतेक भूमिकांची निवड आता फोनवर चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवरून होते. घरातल्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, आधी नाव, उंची आणि डावी-उजवी बाजू दाखवायची, मग प्रसंग करायचा. समोरच्या पात्राची वाक्ये कॅमेऱ्याच्या मागून कोणीतरी वाचतो. त्याच्या बाबतीत हे काम धाकट्या बहिणीकडे होते आणि ती सगळी पात्रे एकाच सुरात वाचत असे, बँकेतला टोकन क्रमांक पुकारावा तशी. इथे प्रेक्षक नाही आणि समोरचा नटही नाही. वाक्य घ्यायचे कोणाकडून, हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. पहिल्या सात-आठ ऑडिशनमध्ये तो जुन्या सवयीवर गेला आणि न ऐकू येणाऱ्या हशासाठी थांबत राहिला. शेवटी त्याने बहिणीला वाचन थांबवायला सांगून तिच्या हातात सूप दिले, आणि वाचायचे काम फोनवरून मित्राकडे सोपवले. मला हे कळले तेव्हा मी हसलो, पण त्यानंतरच्या चित्रफिती पाहिल्यावर हसण्यासारखे काही उरले नाही.

त्यातल्या एकीवरून त्याला एका मालिकेत चौकीदाराची भूमिका देऊ करण्यात आली. पात्र नागपूरचे होते. संहितेचे पहिले पान त्याने मला दाखवले: प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे' होते, अगदी मालकिणीशी बोलतानाही. नागपुरात 'बे' बरोबरीच्या किंवा लहान माणसाला लावतात. मालकिणीला 'बे' म्हणणारा चौकीदार दुसऱ्या दिवशी नोकरीवर राहत नाही. शिवाय क्रियापदे अकोल्याकडची होती आणि दोन शब्द झाडीतले.

त्याने भूमिका नाकारली नाही, तशीच स्वीकारलीही नाही. रात्री बसून ते पान त्याने नागपुरीत नीट लिहून काढले, पाच 'बे' मोलकरणीच्या मुलाशी होणाऱ्या संवादात ठेवले, बाकीचे काढले, आणि मालकिणीसमोर चौकीदार किती कमी बोलेल हे दाखवण्यासाठी तिच्या प्रसंगातली चार वाक्ये कापून एकच ठेवले. स्वतःची वाक्ये कमी करून पाठवणारा नट त्या लेखकाने याआधी पाहिला असेल की नाही, कोण जाणे. हे लिहीपर्यंत त्यांच्याकडून उत्तर आलेले नाही. वडशाच्या मंडळाने मात्र येत्या हंगामाच्या तारखा कळवल्या आहेत आणि त्याने त्या घेतल्या आहेत, या वेळी विनोदी भूमिकेऐवजी बापाच्या भूमिकेसाठी.